शेल्याखाली दत्तू जास्त वेळ होता

दत्तू गेल्याचा निरोप आला तेव्हा मी टेंभी नाक्यावरच्या घरात साबुदाण्याची खिचडी खात बसलो होतो, आणि खोटं कशाला बोलू, मनात पहिला विचार आला तो असा : घ्या, इथेही याचाच पहिला नंबर! ताटली तशीच बाजूला सारली ही गोष्ट वेगळी. दत्तू माझा चुलतभाऊ. माझ्याहून आठ महिन्यांनी मोठा, आणि त्या आठ महिन्यांच्या जोरावर तो जन्मभर माझ्या पुढे उभा राहिला. जेवायच्या पाटावर पहिला तो, मुंजीत पहिला तो आणि आता वर जातानाही 'तू ये सावकाश' म्हणून पुढे.

त्याआधी चारच दिवस मी वर्तकनगरला त्याच्या घरी जाऊन आलो होतो. उशांना टेकून बसलेला, गालफडं बसलेली, पण डोळे तेच, चोरून लाडू खाल्लेल्या मुलाचे. मी माझा नेहमीचा प्रश्न टाकला. आमच्यात तो 'काय कसं काय' इतकाच सवयीचा झाला होता.

"दत्त्या, आता तरी सांग. आप्पा शेल्याखाली तुला काय म्हणाले?"

"मंत्र म्हणाले. दुसरं काय म्हणणार? भाजीचे भाव?"

"इतका वेळ?"

"मोठा मंत्र आहे रे बाळ्या."

"चोवीस अक्षरांचा!"

"मग मोजत बस तू," म्हणून तो हसला, हसताहसता त्याला ठसका लागला, सुमनवहिनींनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं आणि चाळीस वर्षांचा माझा प्रश्न पुन्हा तसाच राहिला...

प्रकरण आमच्या मुंजीचं. देश स्वतंत्र होऊन जेमतेम वर्ष झालेलं, साखर रेशनची, म्हणून एकाच मांडवात दोन मुंजी उरकायचं ठरलं. दत्तूचे वडील आदल्या वर्षी कोकणात तापाने गेले होते आणि काकू त्याला घेऊन ठाण्याला आमच्या दोन खोल्यांत राहायला आल्या होत्या. म्हणजे बटू दोन आणि वडील एकच, माझे आप्पा. ही वाटणी मला मुळीच पसंत नव्हती. मातृभोजनाला काकू विधवा म्हणून दाराआड, त्या काळी तसंच चालायचं, आणि माझ्या आईच्या एका पानात आम्ही दोघे. आईने पहिला घास दत्तूला भरवला. दाराआड काकू तोंडाला पदर लावून उभ्या होत्या, हे मला आज दिसतं. तेव्हा दिसला फक्त तो घास. त्यात लाडू होता.

मग मंत्राची वेळ आली. ज्यांनी हे पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बटूला आणि वडिलांना एका शेल्याखाली झाकतात आणि वडील मुलाच्या कानात गायत्री सांगतात, एकेक चरण करून, तीन चरण. मुलाच्या कानावर तो मंत्र तोवर पडलेला नसावा, असा तेव्हाचा दंडक. त्यात मागणी एवढीच की, ज्या सूर्याच्या तेजाचं आम्ही ध्यान करतो त्याने आमच्या बुद्धीला चालना द्यावी. मोठा असल्यामुळे दत्तू आधी आत गेला. सनईवाल्याने सुरू केलं, संपवलं, इकडेतिकडे पाहिलं आणि पुन्हा सुरू केलं. शेला एकदा हलला. आतून कुजबुज, मग कुणीतरी नाक ओढल्यासारखा आवाज. माझी आत्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने पुटपुटली, "अगं बाई, दादा आख्खं रामायण सांगतोय की काय पोराला!" दोघे बाहेर आले तेव्हा आप्पांचे डोळे लाल होते आणि दत्तू असा उभा होता, जसं काही त्याला राज्य मिळालंय. मग मी आत गेलो... आणि बाहेर आलो. आप्पांनी तीन चरण खडाखड सांगितले, मी खडाखड म्हटले, झालं. शेल्याला ऊबसुद्धा आली नाही.

त्या दिवसापासून माझी खात्री, की आप्पांनी दत्तूला मंत्राबरोबर आणखी काहीतरी दिलंय आणि मला नुसती अक्षरं. पुरावाही होता. मुंजीनंतर वर्षभर आप्पा आम्हाला रोज सकाळी गॅलरीत पळी-पंचपात्र घेऊन संध्येला बसवायचे. हलक्या आवाजात तिघांनी गायत्री म्हणायची. दोन चरण झाले की आप्पा थांबायचे. अगदी एक श्वासभर. दत्तूही थांबायचा. मग दत्तू हळूच तिसरा चरण उचलायचा आणि आप्पा त्याच्या मागून जायचे. मी मात्र तोवर शेवटाला पोचून एकटाच उभा! दोघे माझ्याकडे असे बघायचे, की जणू मी रेल्वेचं फाटक मोडून गेलोय. मीही थांबून पाहिलं. पण त्यांचा श्वास आणि माझा श्वास कधी जुळलाच नाही. परीक्षा आली की मी एकशे आठ वेळा गायत्री म्हणायचो आणि सूर्याला निक्षून सांगायचो, माझ्या बुद्धीला दे, दत्तूचं नंतर बघू. एकदा हे त्याला बोललो, तर तो पोट धरून हसला. "अरे गाढवा, तिसऱ्या चरणात 'नः' आहे. आमच्या. 'माझ्या' असा शब्दच नाही त्यात. तुझा अर्ज पोचणारच नाही वर!" गणितात मला छत्तीस मिळाले. त्याला किती, ते मी इथे लिहिणार नाही.

पुढे दत्तू विठ्ठलवाडीच्या बाजूला एका कारखान्यात लागला, काकूंना घेऊन तिकडेच राहू लागला. मला हायसं वाटलं. म्हटलं, आता आप्पा पूर्ण माझे. आणि दोन वर्षांत आप्पांनी अंथरूण धरलं. दुपारी पहिली पाळी सुटली की दत्तू थेट ठाण्याला यायचा. एके दिवशी त्याला उशीर झाला. आप्पा म्हणाले, "दत्तू आला का? मंत्र म्हणायचाय."

"मी म्हणतो ना आप्पा."

त्यांनी माझा हात थोपटला. "तू घाई करतोस रे, बाळ."

एवढंच. रागावले असते तर मी विसरलो असतो. दत्तू आला, घामेजल्या सदऱ्यानेच उशाशी बसला, दोन चरण म्हणून थांबला... आप्पांचे ओठ हलले आणि मग त्याने तिसरा म्हटला. मी दाराशी पाण्याचा तांब्या धरून उभा. स्वतःच्या घरात, स्वतःच्या बापाच्या खोलीबाहेर. पुढच्या आठवड्यात आप्पा गेले. त्यांचं पळी-पंचपात्र आईने दत्तूला दिलं. मी नुसता चाळीस वर्षं तोच एक प्रश्न विचारत राहिलो.

तर मंडळी, दत्तूचं तेरावं झाल्यावर सुमनवहिनींनी मला आतल्या खोलीत बोलावलं.

"भावोजी, ह्यांनी सांगून ठेवलंय. काकांना शब्द दिला होता, माझ्या तोंडून बाहेर पडणार नाही म्हणून. पण मी गेल्यावर तुझ्या तोंडाला बंदी नाही, म्हणाले."

"मरतानाही वकिली!" मी म्हटलं.

"शेल्याखाली काकांनी दोन चरण सांगितले आणि तिसरा त्यांना आठवेना. म्हणाले, दत्तू, तुझा बाप डोळ्यांपुढे आला रे, पुढचं सगळं गेलं. बाहेर सनई वाजतेय आणि आत काका रडतायत. मग ह्यांनीच त्यांच्या कानात तिसरा चरण सांगितला."

"त्याला कुठून येत होता? मुंज तर तेव्हा चालली होती!"

"वडिलांच्या मांडीवर बसून ऐकलेला. आधी ऐकायचा नसतो ना? म्हणून हे काकांना म्हणाले, मला येतो हे कुणाला सांगू नका. आणि काका म्हणाले, मला आला नाही हे तू सांगू नकोस."

मी पलंगाच्या कडेला बसलो. त्यानंतर पाचच मिनिटांनी मी शेल्याखाली गेलो होतो. माझ्या कानात खडाखड पडलेला तो तिसरा चरण आप्पांना नुकताच, ताजा ताजा, दत्तूने दिलेला होता. ज्याचा मी जन्मभर हेवा केला, त्याच्याच तोंडचं मी जन्मभर म्हणत आलो... तुम्ही म्हणाल, मग हेवा गेला असेल. छे! वाढला. आप्पा त्याच्यापुढे विसरू शकले, रडू शकले. माझ्यापुढे त्यांनी एक अक्षरही कधी चुकवलं नाही.

निघताना वहिनींनी पळी-पंचपात्र माझ्या हातात ठेवलं. आता ते आमच्या गॅलरीत, जुन्या जागी आहे. सकाळी बसतो. दोन चरण म्हणतो. तिसरा मला येतो, तोंडात तयार असतो, तरी थांबतो...

आधी दत्तू.