आईंची चामखीळ

“आई गोऱ्या कधी होत्या? सांगा ना, कधी होत्या?” गिरिजाने फ्रेम जेवणाच्या टेबलावर आपटली.

“काच फुटेल,” तिचा नवरा गुणवंत म्हणाला.

“फुटू दे. आत कोण बसलंय ते मला तरी ओळखू येत नाहीये.”

उद्या सासूबाईंचं वर्षश्राद्ध. मीरा रोडला गिरिजाचा फोटो स्टुडिओ आहे. हा फोटोही तिनेच काढलेला. सासूबाई खिडकीपाशी वाल सोलत होत्या, एका गालावर उजेड, दुसरा अंधारात. गुणवंतच्या सांगण्यावरून मुलाने, कौस्तुभने, कॉम्प्युटरवर आजीला गोरं केलं, मागे निळा पडदा घातला आणि नाकाशेजारची चामखीळ पुसली. विचारात असल्या की सासूबाई ती चामखीळ चिमटीत धरून बसायच्या.

“मम्मी, सगळे कस्टमर हेच मागतात. तूच शिकवलंस मला.”

“कस्टमरचं पोटासाठी करते. ही तुझी आजी आहे!”

कॅमेरा दुरुस्तीला घेऊन फोर्टात गेली की गिरिजा संग्रहालयात शिरायची. घरी सांगायची, दुकानात गर्दी होती. तिथे एका शेठजींचं तैलचित्र होतं. जरीचा अंगरखा, बोटाबोटांत अंगठ्या आणि गालभर देवीचे व्रण. पैसे शेठजींनीच मोजले असणार, तरी चित्रकाराने प्रत्येक खळग्यात सावली भरली होती. दुसरं तळहाताएवढं. राणी शृंगार करतेय, मागची दासी कंटाळून भलतीकडेच बघतेय. राणीचा चेहरा गिरिजाला कधी आठवत नसे. आणि समईच्या उजेडातली एक म्हातारी, अर्धा चेहरा नुसता काळोख. ती डोक्यात होती म्हणूनच त्या दिवशी खिडकीशी तिने कॅमेरा उचलला.

आज संतापाच्या भरात तिने हे सगळं सांगून टाकलं.

गुणवंत हसला. “म्हणजे दुरुस्तीच्या नावाखाली चित्रं बघत हिंडायचीस! अगं, उद्या माझी बहीण सुरुची येणार, तिच्या सासरचे येणार. आई आजारपणात काळवंडली होती. चारचौघांत जरा बरी दिसू दे की.”

“काळवंडल्या नव्हत्या, काळ्याच होत्या. आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं, तुम्हालाच वाटतं. माझ्या बाबांनी स्थळासाठी माझा पावडर फासलेला फोटो पाठवला होता ना? बघायला आल्या तेव्हा आईंनी तो सगळ्यांदेखत परत दिला. म्हणाल्या, मुलगी चांगली आहे, फोटो कशाला खोटा पाठवलात?”

गुणवंत फ्रेम उचलून काच पुसू लागला. मग पुटपुटला, “आता फ्रेम झालीय. पाहुणे उद्या येतायत.”

“आत्या चिडेल हां, मम्मी,” कौस्तुभ म्हणाला.

“चिडू दे. मूळ फोटो आहे माझ्याकडे, आत्ता प्रिंट काढते. उद्या भिंतीवर खिडकीतल्या आई लागतील, चामखिळीसकट. आणि आजपासून आपल्या स्टुडिओत कुणालाही गोरं करून मिळणार नाही.”