दुकानदाराचा अंगठा

रनाळ्यात रेशनचं दुकान चालवणाऱ्या रंजनाबाईंच्या नाकावर राग कायमचा मुक्कामाला होता. दुकान महिला बचत गटाचं, पण ताबा यांचाच. गहू चोख मापायच्या, दाणाही इकडचा तिकडे नाही; मात्र चार शब्द सुनावल्याशिवाय पोतं पुढे सरकायचं नाही.

त्या दिवशी महिनाअखेर होती. अंगठा लागला नाही तर महिन्याचं धान्य बुडणार, आणि मशीन सकाळपासून कुणाचाच अंगठा घेईना. रांगेत सगळ्यात पुढे कालीबाई. मिरची वाळवायच्या पथारीवर देठ खुडणारी म्हातारी, आजच्या रोजावर पाणी सोडून आलेली. याआधी दोनदा ती रिकामी परत गेली होती आणि घरी डब्यात पीठ उरलं नव्हतं.

मिरचीने आणि थंडीने बायकांची बोटं कोरडी पडतात, म्हणून मशीनला रेघा दिसत नाहीत, असं रंजनाबाईंनी पंधरवड्यापूर्वी स्वतःच ठरवून टाकलं होतं. मशीनशेजारी त्यांनी खोबरेल तेलाची वाटी ठेवली. बोट बुडवा, मग अंगठा द्या. सुरुवातीला दोघीतिघींचा लागला, तेव्हा बाईंना आपल्या अकलेचं कोण कौतुक वाटलं. आता लागत नव्हता, तर दोष अर्थातच बोटांचा.

“आखो तेल लाव, मावशी,” त्या खेकसल्या. “तुन्हा बोटे शेतस का काड्या?”

कालीबाईने आणखी तेल लावलं, अंगठा ठेवला. नाहीच.

रंजनाबाईंनी मदतीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडचा पोरगा पुस्तकी मराठीत म्हणाला, “मॅडम, मशीन बंद करून चालू करा.” दरवेळी हेच. दातओठ खात त्यांनी ते केलं. चालू होताच मशीनने आधी दुकानदाराचाच अंगठा मागितला. रंजनाबाईंनी ऐटीत ठेवला. पडद्यावर आलं, बोट जुळत नाही.

पुन्हा ठेवला, दाबून ठेवला, दुसरं बोट दिलं. जुळत नाही. स्वतःच्या दुकानात त्या परक्या ठरल्या. तळपायाची आग मस्तकात गेली. मशीन उचलून गव्हाच्या ढिगात आपटावंसं वाटलं. रांगेत कुणी हसलं नाही, तेच जास्त झोंबलं.

“तेल लाव ना, रंजनाबाई,” कालीबाई म्हणाली. तिचाही आवाज तापला होता. “माले सांगस तशी.”

बाईंनी रागारागाने बोट बुडवून टेकवलं, ते काचेवरून सुळकन घसरलं. तेव्हा कुठे त्यांनी वाकून काच पाहिली. पंधरवड्याचं तेल, त्यावर गोणीची धूळ. काच कसली, तळणीच्या कढईचं बूड झालं होतं.

त्यांनी काच फडक्याने लख्ख पुसली, आपला हात साबणाने धुतला. अंगठा जुळला.

“हात पुशी ले, मावशी,” त्या हळू म्हणाल्या. कालीबाईचाही जुळला.

चूक झाली, एवढंच म्हणायचं होतं. ते ओठापर्यंत आलं आणि नेहमीसारखं राग होऊनच बाहेर पडलं. वाटी रस्त्यावर भिरकावायला त्यांनी हात उगारला.

“फेकू नको, आठे दे,” कालीबाई म्हणाली. “मिरचीमुये हातस्नी आग व्हई ऱ्हायनी. तू कधी इचारं नही.”

तिने ते तेल दोन्ही तळव्यांना चोळलं. रंजनाबाईंनी गहू मापले. सुनावायला चार शब्द शोधले, एकही सापडला नाही. पोतं तसंच पुढे सरकलं.