अल्माझची तीट

श्रीनिवास जोगळेकर, म्हणजे आमच्या सोसायटीतले आप्पा, जन्मभर खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. त्यामुळे दृष्ट वगैरेंवर त्यांचा विश्वास नव्हता. स्फोट हयगयीने होतो, कोणाच्या बघण्याने नाही, असं ते म्हणत. मुलगा सौमित्र लहान असताना सुनीतीबाई त्याच्या गालाला काजळाची तीट लावत आणि आप्पा ती ओल्या रुमालाने पुसून टाकत.

पुढे सौमित्र कॉम्प्युटरच्या नोकरीवर अमेरिकेला गेला. तिथे असताना त्याने आणि त्याची बायको सलोनी हिने इथिओपियातली एक मुलगी दत्तक घेतली. दोन हजार आठ साली ती तिघं हडपसरला आली आणि आप्पा-सुनीतीबाईही त्यांच्याकडे राहायला आले. मुलीचं नाव अल्माझ, वय अडीच. आप्पांनी तिला मांडीवर घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि बायकोला विचारलं, "काजळाची डबी कुठे ठेवलीस?"

तेव्हापासून तिला बागेत नेण्याआधी ते तीट लावतात. सुनीतीबाई फक्त ओला रुमाल आणून त्यांच्यासमोर ठेवतात.

एकदा लिफ्टमध्ये सोसायटीतल्याच दामलेबाई भेटल्या. त्या भाबड्या आहेत असं म्हणायची आमच्याकडे पद्धत आहे. अल्माझला न्याहाळून म्हणाल्या, "आप्पा, हिला कशाला हो तीट? दिसतसुद्धा नाही. आणि हिला दृष्ट लागणार तरी कोणाची?"

"मलाही माहीत नव्हतं," आप्पा म्हणाले. "आता कळलं."

ते बागेत गेलेच नाहीत. घरी परतले आणि तिच्या दुसऱ्या गालालाही तीट लावली.