काचेला कळायच्या आत

“काचेला कळायच्या आत काम झालं पाहिजे,” असं म्हणत मॅडम काचेची पट्टी खिडकीकडे धरायच्या आणि एक डोळा मिटायच्या. आमच्या ग्वाल्हेरच्या प्रयोगशाळेत नवा कोणी आला की त्याला पहिला धडा हाच. त्यांच्या लेसरचे झटके इतके अल्पजीवी, की काचेला तापायला सवडच मिळत नसे, म्हणून ती तडकतही नसे. अशा काचेत त्या केसाहून बारीक नळ्या कोरत.

हा सगळा खटाटोप रक्ताच्या एका थेंबासाठी. तान्ह्या बाळांच्या सगळ्या तपासण्या एका थेंबात व्हाव्यात, हा त्यांचा ध्यास. “इतकुशी टाच, तिला किती वेळा टोचायचं रे?” असं त्या म्हणत, तेव्हा सुई घेऊन आम्हीच उभे आहोत असं वाटायचं.

घोडं अडलं होतं व्हॉल्व्हपाशी. थेंबाला अडवणारी एवढीशी झडप नळीच्या आत करायची. नळीत चिकट राळ भरायची, लेसरने झडपेपुरती कडक करायची आणि उरलेली धुऊन टाकायची. सांगायला सोपं, पण झडप दर वेळी गळायची. कारण तुम्ही ग्वाल्हेरचे असाल तर ओळखलंच असेल. आमचा रस्ता पडाव या गजबजलेल्या भागाकडे जातो. दिवसा ट्रक, संध्याकाळी वराती, आणि जरा हादरा बसला की झडप बिघडलीच. लेसरचं टेबल म्हणे हवेवर तरंगतं, पण ढोलापुढे हवेचं काय चालणार!

मॅडमच्या निवृत्तीचा दिवस आला. त्यांच्यामागे हे काम गुंडाळायचं ठरलं होतं. निरोपाचे समोसे तसेच टाकून त्या शेवटची पट्टी लावून बसल्या, आणि लांबून ढोल ऐकू आला.

मॅडम ॲप्रनसकट रस्त्यावर. मी मागे. त्यांनी थेट नवरदेवाची आजी गाठली.

“अम्माजी, दस मिनट ढोल रुकवा दो. नन्हे बच्चों के काम की चीज़ बन रही है.”

“और हमारा नाच?”

“काम होते ही मैं ख़ुद नाचूँगी. वादा.”

आजीने काठी वर केली. मी जन्मापासून या गावात आहे, पण मुकी वरात तेवढी एकदाच पाहिली. नाचणारे एका पायावर थबकले, बँडवाल्याने टिपरू हवेतच धरलं, आणि नवरदेवाच्या मावश्या एकमेकींना गप्प करत राहिल्या.

झडप घडवून झाली. मॅडमनी ॲप्रन खुंटीला अडकवला. “तुम्ही धुऊन बघा रे. मी चालले, वादा केला आहे ना!”

आम्ही राळ धुतली, थेंब सोडला. झडप मिटली आणि थेंब जागच्या जागी थांबला! मी धावत सुटलो. वरात पार पुढे गेली होती. ढोलात माझं ओरडणं कुठलं ऐकू जाणार? मी मूठ घट्ट मिटून उंच धरली. मॅडमनी पाहिलं, आणि आजीचे दोन्ही हात धरून अशा काही गिरक्या घेतल्या की घोडीसुद्धा बिचकली.

त्या आता इंदूरला लेकीकडे असतात. काम गुंडाळलं गेलं नाही; ती झडप दाखवून आम्ही ते वाचवलं.

परवा पुन्हा वरात आली. लेसर बंदच होता. तरी ढोल आमच्या फाटकाशी आपणहून थांबला. बाहेर गेलो, तर तोच बँडवाला, टिपरू तसंच हवेत धरून.

“मैडम का काम चल रहा है क्या?” त्याने दबक्या आवाजात विचारलं.

मला त्यांची फार आठवण आली. “चल रहा है,” मी म्हटलं. “पर आज बजाओ.”

आणि थोडं अंतर मीही नाचलो.