शनिवारची बरोबरी

माझ्या दादाला बिल्डिंगमध्ये सगळे कॉपीमास्तर म्हणतात आणि त्याला ते कौतुक वाटतं. पाण्याच्या मीटरच्या ऑफिसात साधा कारकून, पण मिरवतो असा, की साऱ्या जगाच्या आठवणींची किल्ली जणू ह्याच्याच खिशात. घरात त्याची एक खोली आहे. खोली कसली, वायरींचा गुंता, धूळ आणि तापलेल्या प्लॅस्टिकचा वास. तिथे हा वर्षानुवर्षं साठवतोय. सहलींचे व्हिडिओ, विजेची बिलं, टीव्हीवरच्या मॅचेस, शेजारच्या मांजराचे शेकडो फोटो. पुसायचं काही नाही. पुसणारा माणूस त्याच्या मते अडाणी.

पाहुण्याने चहाचा कप तोंडाला लावायच्या आत ह्याचं सुरू. "तीन प्रती हव्यात. दोन घरात, एक घराबाहेर. आग लागू दे, चोर येऊ दे, आपलं केसभरही जात नाही." घराबाहेरची डिस्क ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये असते. दर शनिवारी ती पिशवीतून घरी आणायची आणि मुख्य डिस्कवर जे जसं असेल, हुबेहूब तसंच बाकीच्या दोघींवर करायचं. ह्या सोहळ्याला तो बरोबरी म्हणतो. स्क्रीनवर एक हिरवी पट्टी सरकत असते आणि हा पठ्ठ्या तिच्याकडे बघत बसतो. त्या वेळी हाक मारायची सोय नाही. साठवलेलं कधी उघडून मात्र बघणार नाही. मला त्या पट्टीची शिसारी आहे.

मग आईच्या घशाचं निघालं. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. ऑपरेशनआधी हॉस्पिटलमधल्या आवाजतज्ज्ञ बाईंनी आईला वाक्यांचा गठ्ठा दिला. हे सगळं वाचून रेकॉर्ड करा आणि जपून ठेवा. पुढे बोलायचं मशीन मिळेल, त्यात तुमचाच आवाज घालू. आई आठवडाभर दादाच्या खोलीत खिडक्या लावून, पंखा बंद करून वाचत बसली. घामाने पदर भिजायचा. घशात आग व्हायची. कोमट पाण्याचा घोट घ्यायची की पुन्हा सुरू.

मी म्हटलं, "दादा, एक प्रत मला दे."

तो हसला. "तुला? फोन पाण्यात पाडून सगळं घालवलंस, विसरलीस? माझ्याकडे आहे म्हणजे आहे."

ऑपरेशन झालं आणि आईचा आवाज गेला. तेव्हापासून आम्हाला जेवायला बोलवायचं तर ती ताटावर चमचा वाजवते.

मशीन आलं तसं बाईंनी रेकॉर्डिंग मागवलं. दादा ऐटीत खोलीत गेला. बराच वेळ बाहेर येईना म्हणून मी आत डोकावले, तर चेहरा पांढराफटक.

"मुख्य डिस्क भरली होती गं," तो म्हणाला. "आईचं फोल्डर मोठं. बाकी दोन्हीकडे आहेच म्हणून इथलं काढलं."

"मग त्या दोन्हींवरून घे."

तो हातातली वायर गुंडाळायला लागला.

"दादा?"

"मध्ये शनिवार आला ना."

मला कळायला क्षणभर वेळ लागला. मुख्य डिस्कवर आई नव्हती, म्हणून दोघींवरूनही ती गेली. ह्याने स्वतः समोर बसून ती घालवली, हिरव्या पट्टीकडे बघत.

"मांजर आहे?" मी विचारलं.

"आहे."

"तिन्हीकडे?"

त्याने मान डोलावली.

डिस्क दुरुस्तीवाल्याकडे नेल्या. त्याने हात वर केले. आईच्या जागेवर कधीच मॅचेस येऊन बसल्या होत्या. दादा निर्लज्जासारखा त्यालाही तीन प्रतींचं महत्त्व समजवायला लागला, तेव्हा मी उठून रस्त्यावर आले.

मग मी स्वतः ती उकिरड्यासारखी साठवण उपसली. सहलींच्या व्हिडिओंत आई हात हलवते, हसते, तोंड हलतं; पण मूळचा आवाज काढून ह्याने गाणी घातलेली. शेवटी एक सापडला. 'बॅकअप कसा घ्यावा', शिकवणारा दादा. तो तोंड वर करून बोलतोय आणि मागून आई म्हणते, "अरे, जेवायला ये, गार होतंय." त्यावर हा खेकसतो, "आई, थांब ना! रेकॉर्डिंग चालू आहे."

एवढंच. एवढ्याशावरून आवाज बनत नाही, बाई म्हणाल्या. मशीन आता कुठल्या तरी निवेदिकेच्या गुळगुळीत आवाजात बोलतं. आईने ते एकदा ऐकलं आणि ड्रॉवरमध्ये टाकून दिलं.

तो व्हिडिओ मात्र मी तिला लावून दाखवला. तिने खूण करून पुन्हा लावायला सांगितला. 'गार होतंय' ऐकताना तिचे ओठ बरोबरीने हलले. मग डोळे पुसून ती स्वयंपाकघरात गेली.

दादाने लगेच लॅपटॉप माझ्या हातातून ओढला. एकेक डिस्क जोडायला लागला. "हा तरी जपायला हवा," म्हणाला. पट्टी सरकायला लागली.

आत ताटावर चमचा वाजला.

"आई, थांब ना जरा," दादा मान वर न करता म्हणाला, "कॉपी चालू आहे."

चमचा पुन्हा वाजला नाही.