लोटा घेऊन धावणारे मामा

तार आली तेव्हा मी अकोल्याच्या शाळेत सातवीचा वर्ग घेत होते. 'मामा गेले, निघा.' एवढंच. गाडीला अर्धा तास होता आणि टांगा कुठे दिसेना; म्हणून पन्नाशीची मी, मुख्याध्यापिका, पदर खोचून भर रस्त्यातून स्टेशनकडे धावत सुटले. दुकानादुकानांतून माणसं खाली उतरली. "काय झालं बाई? कोणाचं काय झालं?" आमच्या वऱ्हाडात मोठं माणूस धावताना दिसलं की दोनच अर्थ निघतात. कुठे आग लागली, नाहीतर कोणी गेलं. मामांनी या समजुतीशी जन्मभर झटापट केली... आणि त्या दिवशी लोकांचा अंदाज नेमका बरोबर निघाला.

अमरावतीच्या भाजीबाजारात मामांचं दुकान होतं. वलगावचा मळा त्यांचा धाकटा भाऊ पाहायचा, मामा गादीवर बसून माल विकायचे. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांतात होतं. समोर मेथीच्या जुड्यांचे ढीग, आणि हा माणूस खाणार काय, तर जिलेबी, आलूबोंडे, तुपात बुडवलेला रोडगा! "जे इकतो ते खात नसतो आपण," म्हणायचे. आधी पोट दुकानात यायचं, मग मामा. आईवडील गेल्यावर नवव्या वर्षी मी त्यांच्याकडे आले. बाकीच्या नातेवाइकांनी परतवाड्याचं स्थळही आणून ठेवलं होतं, पण मामा म्हणाले, "पोट्टी मॅट्रिक होईन, मंग पाहू." त्यांच्या शब्दावर सगळं थांबलं होतं. आणि वर्षभरात मामांच्या लघवीला मुंग्या लागायला लागल्या. आजोबा याच दुखण्यानं चाळिशीत गेलेले, आणि मामा तेव्हा अडतिसाचे. वैद्यबुवांनी सांगितलं, गोड बंद, भाकर आणि पालेभाजी खा, रोज घाम निघेपर्यंत पाय हलव. मामा घरी आले आणि माझ्या पाटीकडे पाहत बसले.

"मॅट्रिकले किती वर्सं राहिली तुयी?"

"सहा."

"मंग सहा वर्सं मले जगाच लागते."

बाजार उजाडताच भरायचा, फिरायला जायला वेळ कुठला? म्हणून मामांनी धावायचं ठरवलं. पहिल्या दिवशी धोतराचा काचा मारून निघाले, तर गल्लीच्या टोकापर्यंत पोचतात तो मागं दहा-पंधरा माणसं, बादल्या घेऊन! कापसाचं गाव ते, सरकी काढायच्या जिनात ठिणगी पडली असंच सगळ्यांना वाटलं. "आग कुठी लागली?" "कुठीच नाही." "मंग काहून धावून राहिला बे?" तब्येतीसाठी, म्हटल्यावर लोक पोट धरधरून हसले. मामा इतके शरमले की दोन दिवस धावायला गेलेच नाहीत. मामा थांबले की माझी शाळा थांबली, हे मला दहाव्या वर्षीही कळत होतं. तिसऱ्या पहाटे मी न्हाणीतला पितळी लोटा आणून त्यांच्या हातात दिला. पहाटे लोटा घेऊन घाईनं निघालेल्या माणसाला कोणी अडवत नाही, विचारत नाही, उलट वाट करून देतात! मामांनी काचा मारला. "तू तं वकील होशीन वो," म्हणाले, आणि निघाले.

आठवडाभर बरं चाललं. मग न्हाव्यानं पाहिलं की लोटा रिकामा आहे. झालं, बाजारभर बोभाटा! तेव्हापासून मामा लोटा भरून न्यायला लागले, आणि परत आले की पाणी किती उरलं ते मला दाखवायचे. आधी तळाशी घोटभर उरायचं, मग अर्धा लोटा. मी ते परसातल्या कारल्याच्या वेलाला घालायची, आणि त्याच वेलाची कारली मामा तोंड वाकडं करून खायचे. पोट हळूहळू उतरलं. वर्षभरानं एका सकाळी दारातूनच ओरडले, "पाह्य वो, थेंब नाही सांडला!" सोसलं मात्र मामीनं. पोळ्याच्या दिवशी मामांनी पुरणपोळी बाजूला सारली तेव्हा ती बिचारी ताटापुढे बसून रडली. "तुया हातची पोळी खाऊन मेलो तं तुले बरं वाटन का?" मामा म्हणाले. त्यानंतर मामीनंच घरात गूळ आणणं बंद केलं.

मॅट्रिकच्या निकालाचं वर्तमानपत्र नागपूरहून दुपारच्या गाडीनं यायचं. मामा स्टेशनवर गेले. नंबर सापडला, आणि लोटा नाही, चप्पल नाही, भर उन्हात हा माणूस बाजारातून धावत सुटला! मागं पुन्हा बादल्या... "आग नाही रे बाप्पा! पोट्टी पास झाली, पोट्टी!" ओट्यावर येऊन धापा टाकत बसले आणि कोणाची तरी बादली घेऊन स्वतःच्याच डोक्यावर ओतली. गल्लीभर जिलेबी वाटली, स्वतः एक कडं खाल्लं नाही. मी म्हटलं, "झाली सहा वर्षं. आता थांबा की मामा." तर म्हणे, "काहून? तू थांबणार हायस का?" मी थांबले नाही, आणि तेही पुढं पस्तीस वर्षं थांबले नाहीत.

तेरावा झाल्यावर मामेभावाची बायको जुनी भांडी मोडीत काढत होती, त्यात तो चेपलेला लोटा दिसला. मी मागून घेतला. गेल्या वर्षी मलाही साखर निघाली... मामांना सांगायचा धीर झाला नव्हता. आता रोज पहाटे निघते. धावते म्हणजे काय, भरभर चालते, मधेच चार पावलं पळते. घरात संडास असलेल्या मुख्याध्यापिकाबाई लोटा घेऊन कुठे निघाल्या, हे गल्लीला कोडंच आहे; पण विचारणार कोण? काल परत आले आणि लोट्यात पाहिलं, तर पाणी निघताना होतं तेवढंच. मी दारातूनच ओरडले, "मामा, पाहा ना, थेंब नाही..." आणि मग पायरीवर बसून खूप रडले.