दुबईच्या कंपनीचा सत्यनारायण

सरकारी नोकरीत जोडधंद्याला बंदी, म्हणून मी बेदाणे विकायला गुपचूप दुबईत कंपनी काढली. त्या कागदांतलं मला निम्मंही कळलं नव्हतं. बायको म्हणाली, "आधी सत्यनारायण घाला." घातला, आणि नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीच्या रीतीप्रमाणे कारण न सांगता साहेबांसकट अख्ख्या ऑफिसला बोलावलं.

संकल्पाच्या वेळी गुरुजींनी खणखणीत आवाजात विचारलं, "नवी कंपनी कुठल्या गावी?"

नोकरी गेली, या विचाराने मी घाईघाईने ताम्हनात पाणी सोडलं. बायको उत्साहाने म्हणाली, "दुबईला."

प्रसाद घेताना साहेब माझ्या कानाशी वाकले. "वेडे आहात. बायकोच्या नावावर काढायची हो. आमच्या हिची शारजात आहे."

नियम नक्की कुणासाठी होता, ते मला अजून कळलेलं नाही.